गुलाबी बॅगेतली भाकर

बाभुळगावात मी गल्लीत शिरली की दारं कशी लागतात ते पाहायचं असन तर एक दिवस माह्यासंगं चला. खांद्यावरची गुलाबी बॅग दिसली की पडदा सरकते, टीव्हीचा आवाज बारीक होते, अन् आतून लेकरू सांगते, आई घरी नाही. आईची चप्पल तर पायरीवरच पडेल असते! मले असा राग येते ना. अवं, मी काय मत मागाले आली का? घडीभर कॅटलॉग पाहा, नसन पटत तर नाही म्हणा. पण तोंडावर नाही म्हणाची हिंमत कोणात नाही.

यवतमाळच्या आमच्या क्रीम-लिपस्टिकच्या कंपनीच्या मिताली मॅडमनं फोनवर एकच धोशा लावला हाये, दीपमाला, नवीन ग्राहक आण. त्यांचं शास्त्र सोपं हाये. आधी घरचे, मंग शेजारी, मंग मैत्रिणी, अन् त्याच्यानंतर जिथं चार बाया जमतात तिथं आपण. लग्न, बारसं, वाढदिवस, काहीच सोडायचं नाही. घरचे अन् शेजारी पहिल्याच वर्षी संपले. मैत्रिणीत जिवाभावाची एकटी रुपाली, शाळेपासूनची. तिनं माह्याकडून लय घेतलं, जे लागत नव्हतं तेही घेतलं. मंग तिच्या पोरीच्या वाढदिवसाले मी केक कापायच्या आधी बायाईसमोर लिपस्टिकच्या कांड्या मांडल्या, अन् तिथं बिनसलं. आता चार बाया जमल्या होत्या, मांडल्या, त्यात काय चोरी केली? रुपाली भांडलीही नाही. फक्त माहा फोन उचलणं बंद केलं. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, मोकळं झालं असतं. हा तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला.

अन् गेल्या मंगळवारी सकाळी कळलं, रुपालीची माय, मथुरामावशी, गेली.

त्या मावशीच्या हातचं खाऊन मी मोठी झाली. माही माय निंदणाले जाये, अन् शाळा सुटली की मी सरळ रुपालीच्या घरी जेवाले. बातमी ऐकली अन् मी रडाले लागली. रडता रडता असंही वाटलं, की आता तरी रुपाली माह्याशी बोलन. मले दुसरं काही नको होतं, फक्त तिनं पहिल्यासारखं बोलावं.

मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माणसं माती देऊन आली, आंघोळी झाल्या, की शेजारपाजारच्याईनं आणलेली पिठलं-भाकर घरचे खातात. मी ठरवलं, मावशीच्या घरी पहिली भाकर माह्याच चुलीवरची जाईन. ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं घोटलं, फडक्यात भाकरी बांधल्या, डब्बा भरला. पण न्यायचं कशात? कापडी थैलीत डब्बा आडवा होते अन् पिठलं सांडते. उभा राहते तो त्या एकाच बॅगेत. माहा नवरा संघदीप म्हणाला, ही बॅग नको नेऊ. मी त्याच्यावरच खेकसली, मंग पिठलं काय डोक्यावर नेऊ का? साऱ्या बाटल्या-डब्या पलंगावर पालथ्या केल्या, बॅग आतून ओल्या फडक्यानं पुसली, अन् निघाली.

घरात बायाच बाया, पांढऱ्या साड्या, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती. रुपाली भिंतीले टेकून बसेल होती. मी दारात उभी राहिली तर साऱ्या नजरा पहिले बॅगेवर गेल्या, मंग माह्या तोंडावर. एकीनं दुसरीले कोपर मारलं. मी रुपालीच्या गळ्यात पडाले पुढं झाली, तर तिनं हात आडवा केला.

"दीपा, आज तरी नको वं," ती म्हणाली. "माही माय गेली."

धरणी फाटून मी आत गेली असती तर बरं झालं असतं. सांगावं वाटलं, अवं, भाकर हाये याच्यात. पण आता माहं कोण खरं मानन? इतके दिवस विकाले गेली तेव्हा कोणी तोंडावर बोललं नाही, अन् एक दिवस रडाले आली तर हे! चोर सोडून संन्याशाले फाशी. मी कोपऱ्यात जाऊन बसली अन् बॅग पाठीमागं दडवली. रडू तर पार आटलं होतं.

तेवढ्यात रुपालीची नणंद बबिता माह्याजवळ सरकली. ती मुकुटबनची. पदराआडून हळूच विचाराले लागली, गालावरच्या वांगासाठी काही हाये का. म्हणे, आमच्याकडं कंपनीचं कोणीच येत नाही, माह्या ओळखीच्या कितीक बाया घेतीन. उन्हातान्हात पायपीट करून जे भेटत नव्हतं, ते मयतीच्या घरात माह्या मांडीले लागून बसलं होतं. खोटं कायले बोलू, जीव हलला माहा. पण समोर रुपाली आमच्याकडंच पाहून राह्यली होती.

"ताई, आज माह्याजवळ काहीच नाही," मी बबिताले मोठ्यानं म्हटलं, साऱ्याईले ऐकू जाईन असं.

माणसं परतली. आंघोळी झाल्या, घरचे जेवाले बसले. एका म्हातारीनं विचारलं, भाकर कोणाची आली? मी बॅग पुढं ओढली अन् चेन उघडली. रुपालीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी डब्बा काढला, फडकं सोडलं, भाकरी तिच्यापुढं ठेवल्या.

रुपालीनं वळून पाह्यलं. मंग तिनं माहा हात धरला, अन् अशी रडली की मलेही आवरलं नाही. म्हटलं, चला, भेटली मले माही रुपाली.

तिनं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. अन् चावता चावता थांबली. तिच्या भावानंही एक घास खाल्ला अन् उरलेली भाकर गुपचूप ताटात ठेवून देली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काही नाही. गुलाबाचा वास येऊन राह्यला."

मी घाईघाईनं एक तुकडा खाल्ला. मले काहीच वास आला नाही. दुसरा खाल्ला, नाकाजवळ नेऊन पाह्यला, तरी नाही. बॅगेच्या अस्तरात, माह्या हाताले, साडीले, कुठं कुठं मुरला असन तो क्रीमचा वास, अन् मले कधीचा येईनासा झाला होता. मी म्हटलं, नको खाऊ, राहू दे.

रुपालीनं ऐकलं नाही. घासाघासाले पाणी पेत तिनं ती भाकर संपवली, माह्याकडं न पाहता. पहिल्या वर्षी माह्याकडून क्रीमच्या डब्याही ती अशाच घेये, काही न बोलता.