उजव्या कोपऱ्यातली पाटी

नदीकाठचा जहाजदुरुस्तीचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून त्या जागेचं काय करायचं यावर नगररचना कचेरी डोकं खाजवत होती. शेवटी ठरलं: जहाजं ओढून घ्यायच्या उतारावर बसायला पायऱ्या, भट्टीच्या शेडमध्ये ग्रंथालय, आणि क्रेन रंगवून आहे तशीच. क्रेनचं काय करावं हे सुचलं नाही की लोक ती रंगवतात.

आखणी जिच्याकडे होती, ती याच कारखान्यातल्या एका वेल्डरची भाची. मामा-मामींनी तिला फाटकाबाहेरच्या बैठ्या घरांच्या रांगेत लहानाची मोठी केली. हे काम तिला मिळालं तेव्हा मामांनी सांगून सांगून अख्ख्या रांगेचे कान किटवले.

आता कचेरीची एक खोड. नकाशावरची पाटी, म्हणजे कामाचं नाव आणि ते करणाऱ्यांची नावं, उजव्या कोपऱ्यात खालीच लागते. का, हे कुणी विचारत नाही. इथं तो कोपरा कारखान्याच्या हद्दीबाहेर, म्हणून कुणाला खटकलं नाही; तो पहिल्याच नकाशावर पाटीखाली गेला आणि पुढच्या प्रत्येक नकाशावर तसाच राहिला. रस्त्यांच्या इंजिनिअरला ती जागा मोकळी वाटली. त्याने नवा रस्ता फाटकापासून सरळ तिथूनच नेला. भाचीनेही ते नकाशे रोज पाहिले होते. पण कोपऱ्यात पाटी असायचीच, त्यामुळे त्या पाटीखाली आपलं घर आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हसू येत नाही.

ध्यानात आलं ते प्रदर्शनाच्या दिवशी. जुन्या कॅन्टीनमध्ये लाकडी मॉडेल मांडलं होतं. मॉडेलवाला कोपऱ्यात पितळी पाटी स्क्रूने बसवत होता आणि नवा रस्ता त्या पाटीखाली शिरत होता. ती धावत साहेबांकडे गेली.

"साहेब, या रस्त्यात घरं जातायत. माणसं राहतात तिथं."

"समिती दुपारी येतेय. एकदा मंजूर होऊ दे, मग बघू."

"मंजूर झाल्यावर कोण बघतं?"

"आयत्या वेळी घोळ घालू नकोस," साहेब म्हणाले आणि खुर्च्या मोजायला गेले.

मामा आज येऊ नयेत, एवढंच तिला वाटत राहिलं.

मामा समितीच्याही आधी आले. इस्त्रीचा शर्ट, मागे मामी, त्यांच्या मागे निम्मी रांग. मॉडेलवर वाकून ते एकेक दाखवू लागले. "ही क्रेन. ही आमची शेड. हे फाटक. आता फाटकातून बाहेर पडलं की..." त्यांचं बोट पाटीशी येऊन थांबलं.

"आपलं घर कुठंय हो?" शेजारणीने विचारलं.

मामा क्षणभर गोंधळले. मग हसले. "अहो, पाटीखाली आहे. कुठंतरी लावायलाच हवी ना ती! आणि वाचा तरी, नाव कुणाचं आहे." भाचीच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला, पितळ चकचकीत केलं.

मामींना मात्र पितळाचं कौतुक नव्हतं. "आणि हा रस्ता गं? हा कुठं जातो?"

तेवढ्यात समितीची माणसं आत आली. साहेबांनी लांबूनच डोळे वटारले. भाचीला मामांकडे बघवेना. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते तर तिची बाजू घेऊन रांगेला समजावत होते.

तिने मॉडेलवाल्याच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"मामी, तो रस्ता तुमच्या स्वयंपाकघरातून जातो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला लागली.

मामांनी घाईघाईने पाटीवर हात ठेवला.

"अगं, काढू नकोस," ते म्हणाले. "तुझं नाव आहे तिच्यावर."