‘काही शंका? इथं विचारा’

मी एक लिंक बोलतेय. जाहिरातीच्या मेलच्या तळाशी निळ्या अक्षरांत असते ना, तीच. माझ्यावर लिहिलंय, ‘काही शंका? इथं विचारा.’ बोट टेकवलं की मी तुम्हाला फेसबुकच्या पानावर नेऊन सोडते. एवढंच माझं काम.

माझा जन्म पिरनवाडीचा. मच्छेतली ऑफिसची नोकरी सुटल्यावर भैरवीनं सासूबाई अंबुबाईंच्या हातचे नाचणीचे लाडू विकायला काढले. महिन्यातून एकदा गिऱ्हाइकांना मेल जायचा. पहिल्या मेलमध्ये आम्ही पाचजणी लिंका होतो, वेगवेगळ्या पानांवर नेणाऱ्या, सगळ्यांत वर, ओळीनं. लोक लाडू बघायच्या आधीच आमच्यावर बोट ठेवायचे आणि तिकडं दुसऱ्यांचेच व्हिडिओ बघत बसायचे. भैरवीच्या ते ध्यानात आलं. तिनं चौघींना काढलं, मला एकटीला तळाशी ठेवलं आणि माझ्यावर ते शब्द लिहिले. मला लई अभिमान वाटला.

पानावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं काम तिच्या नवऱ्याकडं, विक्रमकडं. आधी तो लगेच उत्तर द्यायचा. मग त्याची बदली हुबळीला झाली. भैरवीला वाटायचं, तो बघतोय. त्याला वाटायचं, ती बघतेय. मी मात्र माणसं नेतच राहिले.

त्याच सुमाराला अंबुबाई लाडवांत शेंगदाण्याचं कूट घालायला लागल्या. चव वाढली. मेलमध्ये जुनाच मजकूर राहिला: नाचणी, गूळ, तूप.

निपाणीच्या मधुवंतीबाई शिक्षिका. त्यांच्या लेकीला, आरोहीला, शेंगदाणा अजिबात चालत नाही. बाईंनी मेल दोनदा वाचला, तरी खात्रीसाठी माझ्यावरून जाऊन विचारलं, “लाडवांत शेंगदाणे नाहीत ना?” नऊ दिवस वाट बघितली. मग मेलवर विश्वास ठेवून लाडू मागवले.

अर्धा लाडू खाल्ला आणि आरोहीचे ओठ सुजले, श्वास कोंडला. दवाखाना जवळ होता म्हणून पोर वाचली.

बाईंचा फोन आला तेव्हा कुठं भैरवीनं स्वतः मला दाबलं. त्यांचा प्रश्न तिथं होता. आणखी सोळा जणांचे होते.

अंबुबाईंनी वळायला घेतलेला लाडू परातीत ठेवला. “माझ्या हातचं खाऊन गं? तिनं इचारलंतं व्हय?”

“व्हय आत्ती. आम्हीच बघितलं न्हाय.”

दोघी पहिल्या बसनं निपाणीला गेल्या. तिथलं सगळं भैरवी विक्रमला फोनवर सांगत होती, तेव्हा मला कळलं. बाईंनी घरात घेतलं, पाणी दिलं. अंबुबाईंनी आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना बाई म्हणाल्या, “चूक कुणाचीही होते. पण तुम्ही ‘विचारा’ म्हणालात, म्हणून मी विचारलं. तसं लिहिणाऱ्यांचं सगळं नीटच असणार, असं धरून चालले.”

आता भैरवी रोज पान उघडते. सोळाही जणांना उत्तरं गेली. एकानं कळवलं, “आता काय उपयोग?” पण गेलेले मेल परत बोलावता येत नाहीत. कुणाकुणाच्या फोनमध्ये मी अजून त्या जुन्या मजकुराखाली उभी आहे. त्याचीच मला धास्ती वाटते. तुम्ही कुणी मला लावणार असाल, तर पलीकडं कोण बसणार ते आधी ठरवा. कुणी नसेल, तर मला लावूच नका.

परवा नवा मेल गेला. शेंगदाण्यांचा खुलासा आणि माफी वरच होती. मधुवंतीबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. त्यांचं बोट माझ्यापर्यंत आलं, थांबलं. मग माझ्याखालच्या ओळीवर टेकलं: ‘यापुढे हे मेल नकोत.’