घरघर कोणाच्या घशात

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, दातांचे डॉक्टर आहेत. लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू द्यायचं नाही, हा व्यवसाय त्यांना चांगला मानवला आहे. समोरचा माणूस आ करून पडलेला असतो आणि काका बोलत असतात. गेली दोन वर्षं ते फक्त ध्वनीबद्दल बोलतात. गाण्याबद्दल नाही, गाणं ते फारसं ऐकतच नाहीत. ते स्पीकर ऐकतात. माझ्या आईने त्यांचं नाव ‘ध्वनिमहर्षी’ ठेवलं आहे आणि काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना ते आवडलं.

घरातलं वायरिंग नव्याने करायचं ठरलं, तेव्हा आवाजाच्या केबलीची निवड त्यांनी स्वतःकडे घेतली. त्या निवडीला जेवढा वेळ लागला तेवढा आजोबांनी मावशीसाठी स्थळ बघायलाही घेतला नव्हता, आणि मावशी हे अजून अधूनमधून ऐकवते. काकांनी नमुन्याचे तुकडे मागवले, सोलले, दवाखान्यातल्या भिंगाखाली पाहिले. जेवताना आम्हाला धडे मिळाले. केबलीत दोन बारीक तारा असतात, आवाज त्यांच्यातून जातो. त्यांच्याभोवती केसांएवढ्या तांब्याच्या तारांची विणलेली जाळी असते, तिला शिल्ड म्हणतात. आसपासच्या विजेचा गोंगाट ही जाळी अंगावर घेते आणि बाहेरच्या बाहेर वाटेला लावते. जाळीऐवजी नुसता पातळ पत्रा असेल तर तो वाकवल्यावर फाटतो. वीण विरळ असेल तर गोंगाट आत झिरपतो. म्हणून दाट विणीचीच हवी. हे सगळं बरोबर होतं. काकांची माहिती कधीच चूक नसते, त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातं. त्यांच्या पेशंटांनाही शिल्ड म्हणजे काय ते पाठ झालं असावं. तोंडात कापूस असल्यामुळे शंका मात्र कोणी विचारली नाही.

मावशी बस स्टँडवर घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे तिच्या तोंडून ऐकून शहरातल्या दोन पिढ्या प्रवासाला निघाल्या. मग तिथे यंत्राचा आवाज आला, एकेक शब्द वेगळा कापून चिकटवल्यासारखा, आणि मावशीला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. त्यानंतर कितीतरी महिने ती घरात फारशी बोललीच नाही. काकांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या घरात शांतता अशी पडतच नाही.

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका वाचनालयाला वाचक हवे होते. मावशीने कोणाला न सांगता कळवलं. त्यांनी दहा मिनिटांच्या वाचनाचा नमुना मागितला. ती मोबाइलवर वाचून पाठवणार होती, पण काकांनी पाहिलं. मोबाइलवर रेकॉर्ड करणं म्हणजे पान्ह्याने दाढ काढणं, असं म्हणून त्यांनी सूत्रं हातात घेतली. मागच्या खोलीत मायक्रोफोन आला. तिथपासून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापर्यंत, जिथे त्यांची यंत्रं राहतात, भिंतीतून ती निवडक केबल गेली. दिव्यांच्या वायरींसाठी भिंतीत नळी बसवलेलीच होती. तिच्यातूनच ही केबलही घातली. शिल्डेड केबलीला कसली भीती? वर गिलावा झाला, रंग झाला.

नमुना गेला आणि वाचनालयाच्या शेऱ्यासकट परत आला. वाचन सुरेख आहे, पण पाठीमागे सतत घरघर ऐकू येते. शनिवारपर्यंत पुन्हा पाठवा, त्यानंतर यादी बंद होईल.

काकांनी डोळे मिटून ते ध्वनिमुद्रण ऐकलं. मग म्हणाले, “अगं, आ कर बघू.”

दवाखान्यातली बॅटरी आणून त्यांनी मावशीचा घसा तपासला आणि त्यांना लाली सापडली. डॉक्टर कोणाच्या तोंडात शिरला की काही सापडल्याशिवाय बाहेर येत नाही. कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या, मोठ्याने बोलणं बंद झालं. खबरदारी म्हणून फ्रीज बंद करून पुन्हा वाचून पाहिलं. दूध नासलं, घरघर राहिली. पंखा बंद केला. मावशीला घाम फुटला, घरघर राहिली. आता उरला होता तो घसाच.

वाईट गोष्ट ही की तिला ते पटलं. स्टँडवरच्या धुरात जिचा आवाज कधी बसला नाही, ती बाई माझ्याशी फोनवर कुजबुजत होती. वय झाल्यावर असं होतंच, म्हणाली. मला जमणार नाही म्हणून त्यांना कळवून टाकते, म्हणाली. मी त्याच दुपारी तिच्याकडे गेले.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे, त्यामुळे घरातले लोक माझ्याकडून फक्त इस्त्री दुरुस्त करून घेतात. मी ध्वनिमुद्रण ऐकलं. घरघर एका सुरात होती. मावशी वाक्य संपवून श्वास आत घ्यायची, तेव्हाही तशीच चालू. माणसाचा घसा श्वास घेताना आणि सोडताना एकाच पट्टीत घरघरत नाही. शिवाय ती पट्टी माझ्या ओळखीची होती. घरातली वीज त्याच चालीने हेलकावते आणि कुठे शिरकाव मिळाला की तसंच घुमते. मी हे काकांना सांगितलं. इंटरनेटवर स्वतःच्या दाढेबद्दल वाचून आलेल्या पेशंटकडे पाहून हसावं तसे ते हसले. “शास्त्रज्ञ बाई, केबल शिल्डेड आहे,” म्हणाले.

मी मावशीला भाजी आणायला पाठवलं. मग रिकाम्या खोलीचं दार लावून ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि थोड्या वेळाने काकांना बसवून ऐकवलं. घुंऽऽऽ.

“मावशी मंडईत गेलीय,” मी म्हटलं. “घसा तेवढा घरी ठेवून गेलीय.”

काका म्हणाले की रिकाम्या खोलीचे गुणधर्म वेगळे असतात. तेवढ्यात मावशी पिशवी घेऊन दारात आली. घरघर चालूच होती. तिने खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

“म्हणजे ही मी नाही?” तिने विचारलं. किती तरी दिवसांनी तो स्टँडवरचा आवाज निघाला. शेजारच्या घरातही ऐकू गेला असेल.

मी मायक्रोफोनकडच्या टोकाचा प्लग उघडला. आतलं काम पाहण्यासारखं होतं. दोन्ही तारा दोन पिनांना अशा सोल्डर केल्या होत्या की जणू दाढेत भरलेलं सिमेंट, वरून घासून गुळगुळीत केलेलं. जाळीसाठी असलेली तिसरी पिन कोरी होती. जाळी कुठे गेली, मी विचारलं. काका अभिमानाने म्हणाले की ते तांब्याचे केस फार विस्कटत होते, काम गबाळं दिसत होतं. म्हणून बारीक कात्रीने आवरणालगत साफ कापून टाकले. दोन्ही टोकांना.

शिल्ड होती. भिंतीत, पूर्ण लांबीभर, दाट विणीची. फक्त ती कशालाच जोडलेली नव्हती. गोळा केलेला गोंगाट बाहेर टाकायला तिला वाट नव्हती, म्हणून तो ती आतल्या तारांनाच देत होती. हे मी जरा लांबण लावून सांगितलं. मावशीला एवढ्या लांबणीची गरज पडली नाही. “मोरी बांधली, फरशी बसवली आणि पाणी जायला भोकच नाही ठेवलं,” ती म्हणाली.

काकांनी यावर भिंतीकडे पाहिलं. आवरण आणखी बोटभर सोललं असतं तर जाळी मिळाली असती, पण केबल अगदी मापात कापलेली होती. जादा वायर म्हणजे हिरडीत राहिलेला दाताचा तुकडा, असं त्यांचं मत होतं. ओढून पाहिली, हलली नाही. काका म्हणाले, आता भिंत फोडायची तर नीट विचार करून फोडू. घाई कसली आहे, असली वाचनालयं पुष्कळ निघतात.

मावशी उठून बाल्कनीत गेली. दोरीवरचे टॉवेल काढून तिने माझ्या खांद्यावर टाकले आणि दोरीच सोडवून आणली. करडी, गुळगुळीत, जाडसर. उरलेली केबल तिने केव्हाच कपडे वाळत घालायला बांधली होती. ओल्या चादरी वाहूनही ती कुठे चिरली नव्हती. निवड खरोखरच उत्तम होती.

गाठीची टोकं कापून टाकली. आवरणावर मी पात्याने हलकी गोल रेघ मारली, जाळीला धक्का न लावता, आणि ते मोज्यासारखं ओढून काढलं. जाळीचे केस सुईने विंचरून मोकळे केले. ते एका बाजूला घेऊन पीळ द्यायचं काम मावशीने मागून घेतलं. लहानपणी माझ्या वेण्या घालायची ती, तशीच मान वाकडी करून. तो पीळ तिसऱ्या पिनेला सोल्डर केला, चटकन, आतलं प्लास्टिक वितळायच्या आत. मग लक्षात आलं की प्लगचं टोपण वायरीत आधी ओवायला हवं होतं. सगळं पुन्हा केलं, मग दुसऱ्या टोकालाही तसंच. मावशी हसली. काका पेपर वाचत होते, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

केबल दिव्यांच्या वायरींपासून लांब, जमिनीवरून काकांच्या सोफ्यासमोरून नेली. मावशीने हेडफोन लावला आणि रिकाम्या खोलीचा आवाज ऐकत बसली. काहीच नव्हतं. ते काहीच नसणं तिने पुष्कळ वेळ ऐकलं.

रविवारी काकांचे ध्वनिप्रेमी मित्र यायचे होते. ही वायर अशी पायात, म्हणजे घराचं बस स्टँड झालं, ते म्हणाले. “झालं तर झालं,” मावशी म्हणाली.

शनिवारी सकाळी ती वाचायला बसली. मी दिवाणखान्यात यंत्रापाशी होते. नमुना अर्ध्यावर आला असताना काका दार उघडून तिच्या खोलीत शिरले, हातात केबलींचं एक माहितीपत्रक. कोणाला त्रास होऊ नये म्हणून ते कुजबुजत होते. तिहेरी जाळीची नवी केबल निघाली होती. शिवाय कपड्यांच्या दोरीवर वाचलेलं पुस्तक ऐकणाऱ्याला कसं वाटेल, याचा तिने विचार केला होता का?

मावशीने ओळीवर बोट ठेवलं.

“अहो,” ती म्हणाली, “तोंड मिटा.”

उभ्या आयुष्यात ‘आ करा’ एवढंच म्हणत आलेल्या माणसाने ते मिटलं. मावशी पुढची ओळ वाचू लागली. मी यंत्र थांबवलं नाही आणि तिनेही पुन्हा वाचायचं नाव काढलं नाही. नमुना होता तसाच गेला.

वाचनालयाचं उत्तर आलं, सोबत पहिलं पुस्तक. आवाज अतिशय स्वच्छ आहे, त्यांनी लिहिलं होतं. मात्र मधले ‘अहो, तोंड मिटा’ हे शब्द मूळ पुस्तकात आढळले नाहीत, ते वगळावेत. काका हल्ली पेशंटांना सांगतात की मावशी ज्या केबलीवर वाचते ती त्यांनी निवडलेली आहे, आणि ते खरंच आहे. मावशीने सुताराला बोलावून मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली.