उरलेले बारा चेंडू

देवदत्तचं पत्र आलं तेव्हा जुलै संपत होता, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं चार वेळा. पहिल्या मसुद्याचा सूर उपदेशाचा वाटला, दुसऱ्याचा माफीचा, तिसऱ्यात 'परंतु' फार झाले. चौथा बरा उतरला होता, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही.

देवदत्त आयसेलिनला राहतो, मी पार्सिपनीला. मधे पंचवीस-तीस मैल आहेत आणि दोघांकडे फोन आहेत. पण त्याच्या मते फोन डॉक्टरांशी बोलण्यासाठी असतो. परदेशातल्या आमच्या या मराठी क्रिकेट लीगच्या आजवरच्या एकोणीसही फायनलना तो अंपायर होता. मी लीगचा सेक्रेटरी आणि स्कोअरर. बॅट मी आयुष्यात दोनदाच हातात घेतली, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला.

पत्र लहान होतं.

"उल्हास, यंदाची फायनल रात्री दिव्यांखाली घेण्याचं घाटतंय असं ऐकतो. दिवसा माझे डोळे ठीक आहेत. रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं आणि चेंडू त्या कड्यात हरवतो. ऑक्टोबरात मुलगी मला कायमचं तिच्याकडे अ‍ॅशबर्नला घेऊन जाणार, म्हणजे ही माझी शेवटची फायनल. तू कमिटीत आहेस. मीटिंगमध्ये एवढंच म्हण, की फायनल दुपारी ठेवा. डोळ्यांचं मात्र सांगू नकोस. सांगितलंस तर हे लोक मला दुपारीही उभं करणार नाहीत."

फायनल दुपारी ठेवा. तीन शब्द. मी सेवानिवृत्त ग्रंथपाल आहे, शब्दांतच आयुष्य गेलं, तेव्हा तीन तर सहज जमायला हवे होते.

मीटिंग आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे केदारच्या बेसमेंटमध्ये झाली. केदार बेचाळीस वर्षांचा आहे, पुण्याहून आला, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि लीगला एक व्हिजन असावी असं त्याचं मत आहे.

"बिग फायनल म्हणजे नाईट," तो म्हणाला. "वर्ल्डवाइड बघा ना. फ्लडलाइट्स, क्राउड, म्युझिक. दुपारची मॅच प्रॅक्टिस वाटते यार."

हे खरंच होतं. जगातल्या मोठ्या फायनल रात्री होतात, कारण त्या वेळी कोट्यवधी लोक जेवून सोफ्यावर बसलेले असतात आणि त्यांना जाहिराती दाखवायच्या असतात. आमची फायनल सोफ्यावरून कोणी बघत नाही. गेल्या वर्षी इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला अकरा प्रेक्षक होते, त्यातले सात पुण्यातले.

"मग पुण्याच्या ऑडियन्सचाही विचार करायला हवा," केदार म्हणाला.

इथले रात्रीचे आठ म्हणजे तिथले पहाटेचे साडेपाच. विचार झाला.

"ऑनेस्टली, लाइट्समध्ये फोटो वे बेटर येतात," नैना म्हणाली. ती इथेच जन्मलेली, वकील, आणि लीगची पोस्टर आणि प्रक्षेपण तीच बघते. "बट सप्टेंबरमध्ये ड्यू पडतो ना, केदारदादा? सेकंड बोलिंग करणारी टीम इज टोस्ट."

"ड्यू इज पार्ट ऑफ द ड्रामा."

"ओके, पण ड्रामा टॉस जिंकला की संपतो."

"आणि स्पॉन्सर?" केदारने शेवटचं कारण काढलं. ओक ट्री रोडवरच्या एका दागिन्यांच्या दुकानाने ट्रॉफी दिली होती, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ती दुपारी चमकत नव्हती. सूर्याच्या उजेडाची ही उणीव मला तोवर माहीत नव्हती.

"एनी ऑब्जेक्शन?"

माझ्याकडे मुद्दे होते, कार्डावर लिहून नेले होते. दव होतंच. शिवाय सप्टेंबरातली आमच्याकडची दुपार इतकी सुंदर असते की ती बेसमेंटमध्ये घालवणाऱ्यांनीही एकदा बघावी. शिवाय एरवी घडीच्या खुर्च्या घेऊन येणारी आमच्या वयाची पंधरा-वीस माणसं अंधार पडल्यावर गाडी चालवत नाहीत. यातला कुठला आधी मांडावा? दव तर नैनाने मांडलंच होतं. खुर्च्यांचा मांडला तर कोणी विचारेल, कोण कोण येणार नाही, आणि मग देवदत्तचं नाव निघेल. मी घसा साफ केला.

"काका, पाणी देऊ?" केदारने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पाणी आलं. ते पिऊन होईपर्यंत ठराव मंजूर झाला होता. इतिवृत्तात मीच लिहिलं, एकमताने.

आठवड्याने देवदत्तने केदारला कळवलं की पाठ दुखते, यंदा जमणार नाही. केदारने ग्रुपवर टाकलं की काका वेल-डिझर्व्ह्ड रेस्ट घेत आहेत, आणि खाली तीन वेळा हात जोडले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही एक दाखवला.

फायनल सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी झाली. मैदान काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचं, दिवेही काउंटीचे. मला नैना गाडीतून घेऊन गेली. साडेसहाला सुरू व्हायचा सामना सव्वासातला सुरू झाला, कारण आधी अध्यक्षांचं भाषण होतं, मग दागिनेवाल्यांचं, मग ट्रॉफीवर प्रकाश कुठून पडावा यावर चर्चा. दिवे भव्य होते, यात वाद नाही. त्यांनी चार काउंट्यांमधले किडे आणि पतंग बोलावले. पॉइंटवरच्या खेळाडूने दोन झेल सोडले आणि तिसऱ्यांदा सूर मारून एक पतंग पकडला. त्याला टाळ्या मिळाल्या. साडेआठनंतर दव पडलं. गोलंदाज प्रत्येक चेंडूआधी टॉवेलने हात पुसत होते, तरी चेंडू साबणासारखा सुटत होता. वीर नावाचा तरुण अंपायर देवदत्तच्या जागी होता. नजर चांगली असावी, पण एका पायचीतच्या अपिलाला तो इतका वेळ दिव्याकडे बघत राहिला की फलंदाज स्वतःच निघून गेला.

खुर्च्यांच्या रांगेत मी एकटा होतो.

दहा वाजता दिवे गेले.

कोणाची चूक नव्हती. परवान्यात लिहिलंच होतं की दिवे दहाला आपोआप बंद होतात. परवाना मी भरला होता, आणि ती गोष्ट ऑगस्टमधल्या माझ्या ईमेलच्या दुसऱ्या परिच्छेदात ठळक केली होती. माझ्या ईमेलचा दुसरा परिच्छेद ही लीगमधली सर्वांत सुरक्षित जागा आहे. दोन षटकं बाकी होती आणि जिंकायला सतरा धावा हव्या होत्या. आकाशात एकदम तारे दिसू लागले, त्यांचा कोणी स्पॉन्सर नसल्यामुळे तिकडे कोणी बघितलं नाही.

सगळे खेळपट्टीजवळ गोळा झाले. मीही स्कोअरबुक छातीशी धरून चाचपडत गेलो.

"रनरेटवर आम्ही जिंकलो," कोणीतरी म्हणालं.

"झोपेत का? दोन ओव्हर बाकी आहेत."

"गाड्या आणा ग्राउंडवर, हेडलाइट लावू." हा केदार.

"दादा, द ग्रास," नैना म्हणाली. "काउंटी आपल्याला स्यू करेल, आणि मी डिफेंड नाही करणार."

"मग ट्रॉफी शेअर करा."

"ट्रॉफी दिसतेय कुठे?"

कोणाचे चेहरे दिसत नव्हते. माझाही दिसत नसणार.

"उरलेले बारा चेंडू पुढच्या रविवारी सकाळी दहाला खेळा," आवाज आला. "उजेडात. नियम चौदा."

मीच बोललो होतो. घसा साफ न करता.

"कोण ते?"

"उल्हासकाका आहेत वाटतं."

"काका, असा नियम आहे?"

"आहे," मी म्हणालो. नियमावली अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, कारण दुसऱ्या कोणाला ती लिहायची किंवा वाचायची नव्हती.

"रविवारी मी नाहीये," वीर म्हणाला. "शिकागोला जातोय."

"अंपायर देवदत्त," मी म्हणालो.

"त्यांची पाठ..." केदार म्हणाला.

"सकाळी ठीक असते."

मग कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला, तो नेमका माझ्या डोळ्यांवर पडला, आणि मी पुन्हा पूर्वीचा झालो. पण तोवर दोन्ही कर्णधार हो म्हणून गेले होते.

"ग्रेट. देवदत्तकाकांना मी मेसेज टाकतो," केदार म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "मी कळवतो. त्यांचं एक पत्र आलेलं आहे."

घरी आल्यावर नियमावली काढून बघितली. नियम चौदामध्ये 'सर्वांच्या सोयीच्या दिवशी' असं आहे. सकाळ नाही, उजेड नाही. दार लावून घेऊन मी ती परत कपाटात ठेवली.

रविवार गेला, सोमवार गेला. दोन मसुदे झाले. मंगळवारी सकाळी सरला चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्यामुळे मसुदा बघायची तिला गरज लागत नाही.

"केदारला तू स्वतःच अडवलंस," ती म्हणाली. "आता तू कळवलं नाहीस तर त्यांना बोलावणारं कोणी नाही. रविवारी तिथे बारा चेंडू असतील आणि अंपायर नसेल."

"फोन करू का?"

"फोनवर तू हवापाण्याबद्दल बोलशील आणि ठेवशील."

हे खरं होतं. मी नवा कागद घेतला.

"देवदत्त, मीटिंगमध्ये मी फायनल दुपारी ठेवा असं म्हणालो नाही. पाणी प्यालो. त्याची माफी मागायला हवी, पण ती मागायला बसलो तर पत्र पुढच्या वर्षी निघेल. तुझ्या डोळ्यांबद्दल मी कोणालाही काही बोललो नाही. त्यात माझं कौतुक नाही, मी कशाबद्दलच बोललो नव्हतो. फायनलचे बारा चेंडू उरले आहेत, सतरा धावा हव्या आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, त्याच मैदानावर, तू अंपायर आहेस. पाठीचं सकाळी ठीक असतं असं मी सांगून ठेवलंय, तेवढं सांभाळ. उल्हास."

'सांभाळ' की 'सांभाळून घे', यावर थोडा थांबलो. मग वाचून न बघता पाकीट चिकटवलं.

पोस्ट ऑफिस दीड मैलावर आहे. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, आयसेलिनला शुक्रवारपर्यंत पोचेल ना. त्या म्हणाल्या, गुरुवारीच पोचेल. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचायला लागलो. माझ्या मागे पाच माणसं उभी होती. बाईंनी हात पुढे केला आणि मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.