हाताचा गुण

उमाशंकर सरांच्या हाताला गुण आहे, असं लातूरच्या आमच्या कॉलेजात सगळे म्हणत. मला त्याचा रागच यायचा. प्रयोगशाळेत हाताचा गुण कसला? सर काय वैदू आहेत? पण करणार काय! काचेवर झिंक ऑक्साईडचा पातळ थर चढवायचा, भट्टीत भाजायचा आणि त्या थराने हवेतला अमोनिया ओळखायचा, हे सरांचं आयुष्यभराचं काम. मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सरांनी भाजलेली काच अमोनिया लागताच मीटर हलवायची. मी भाजली की मीटर ढिम्म.

परदेशी नियतकालिकात सरांचा लेख आला तेव्हा कॉलेजभर पेढे वाटले होते. मग बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनी कळवलं, तुमच्या कृतीने थर बनवला, चालत नाही. सर हसले. "घाई करायलेत ते," म्हणाले.

मी दोघांच्याही काचा घेऊन एस.टी.ने नांदेडला गेले. तिथल्या यंत्राने दाखवलं, सरांच्या थरात थोडं पोटॅशियम आणि कॅल्शियम आहे. माझ्या थरात नाही. परतताना अहमदपूर आलं तरी मला काही सुचेना.

सोमवारी मी सरांकडे नुसती बघत राहिले. नेहमीप्रमाणे घरून लिंगपूजा करून आलेले, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. भट्टीच्या दाराला त्यांनी विभूतीचं बोट लावलं. मग प्रत्येक काच आत सरकवण्याआधी चष्मा कपाळावर ढकलून ती नाकाजवळ धरून तपासली. चष्म्याच्या कडेने विभूती खरवडली जात होती आणि ओल्या थरावर पडत होती. शेणाची राख ती. पोटॅशियम, कॅल्शियम, सगळं तिच्यातलंच.

मला रडू आलं. सांगूच नये असंही वाटलं. तरी सांगितलं.

सरांनी चष्मा काढून त्याची कड बोटाने पुसून पाहिली. "आपण लेखात शुद्ध झिंक ऑक्साईड लिहिलंय," ते म्हणाले.

"सर, मग राख मोजून टाकू की! हाच खरा शोध हाय."

"पूजेची विभूती काट्यावर ठेवू म्हणतीस?"

"दुसरी राख घेऊ."

"तू घे. तुझं काम लई चांगलं होईल. माझं चुकलं ते चुकलंच. कळवावं लागंल."

मी भांडले. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. कळवण्याआधी एकदा खात्री करू, एवढंच त्यांनी मान्य केलं.

मंगळवारी सर कोरं कपाळ घेऊन आले. मला तिकडे बघवेना. भट्टीला बोट लावलं नाही, बाकी सगळं तसंच केलं. मीटर ढिम्म. लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच पाठवलं आणि काचा धुवायला घेतल्या.

संध्याकाळी कमलम्मा काकूंचा, सरांच्या पत्नीचा, फोन आला.

"दीपमाला, कॉलेजात काय झालं गं? सकाळी पूजा झाल्यावर ह्यांनी कपाळ पुसलं. आमच्यात मेलेल्या माणसालासुद्धा विभूती लावून नेतात. विचारलं तर बोलत न्हाईत."

"काकू, प्रयोग होता एक."

"मग? झाला का नीट?"

"हाव," मी म्हणाले. "झाला."