पान त्रेसष्टवरची आई

मी गाइड बोलतोय. नाक मुरडायचं कारण नाही. परीक्षा आली की तुम्हीच मला छातीशी धरता आणि निकाल लागला की शिव्या घालता. तुमच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही.

माझ्या जन्मात मिरवण्यासारखं काही नाही. साहित्य शिकवणाऱ्या एका बाईंनी मला लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, डावीकडे जुनं गाइड उघडून ठेवलं आणि उजव्या हातानं उतरवून काढलं. मूळ गोष्टी त्यांनी पुरत्या वाचल्याच नव्हत्या. पण पहिल्या पानावर त्यांचं नाव ठळक छापलं गेलं आणि बाईंची मान त्या दिवशी जी ताठ झाली ती झालीच.

बाईंची धाकटी भावजय घरी शिवणकाम करायची. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिनं वीस वर्षांनी, बाहेरून परीक्षा देऊन, पुरं करायला घेतलं होतं. बाईंनी मला तिच्या शिलाई मशीनवर आपटलं.

"हे पाठ कर. विचारबिचार करायच्या भानगडीत पडू नकोस. तुझं काम नव्हे ते."

"बरं, वन्सं."

तिनं मला घोकलं आणि साहित्याच्या पेपरात नापास झाली. बाईंनी चारचौघांत सांगितलं, "गाइड देऊनसुद्धा उजेड पाडला!"

भावजयीनं अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. माझ्या त्रेसष्टाव्या पानावरचं उत्तर तिनं काना-मात्रा न चुकवता लिहिलं होतं: 'कथेतील आई ही वात्सल्यमूर्ती असून मुलाच्या विरहाने ती व्याकुळ झाली आहे.' शेजारी तपासनिसानं लाल शाईत एकच शब्द खरडला होता: 'कशावरून?'

तिनं मला पुढून-मागून चाळलं. माझ्याकडे त्या 'कशावरून?'चं उत्तर असतं तर दिलं असतं. मग तिनं वाचनालयातून मूळ गोष्ट आणली. नऊ वर्षांनी मुलगा आईकडे परत येतो, एवढीच ती गोष्ट. तिनं ती तीनदा वाचली, अधेमधे सुई तोंडात धरून. मी कोपऱ्यात जळत होतो.

आठवड्यानं बाई आल्या आणि तिची वही बघून भडकल्या.

"आई रागावलेली आहे? हे कुणी सांगितलं तुला?"

"गोष्टीनं. पुढं वाचा ना."

बाईंनी तिरसटपणे मोठ्यानं वाचलं: "'आई मुलावर रागावलेली आहे. तो परत येतो तेव्हा त्याच्या खाटेवर कोळशाची पोती असतात. पोती ठेवायला परसात रिकामी खोली होती, असं लेखकानं दुसऱ्याच पानावर सांगितलं आहे. म्हणजे अडचण जागेची नव्हती. त्याला जागा द्यायची नव्हती.'" त्यांनी वही फेकली. "कोळशाच्या पोत्यांवरून आईचं मन कळतं होय?"

"मग कशावरून कळतं? 'वात्सल्यमूर्ती' म्हटल्यावरून?"

"जास्त शहाणपणा नको! पुस्तकात असं नाहीये."

"तुमच्या पुस्तकात नाहीये." भावजयीनं गोष्टीचं पुस्तक पुढं सरकवलं. "वात्सल्याचं एक वाक्य काढून दाखवा. मी वही फाडते."

बाई पानं उलटत राहिल्या. कुठलं पान कुठं आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं आणि माझ्याही.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ही वाचलेलीच नाही."

आतून बाईंचा भाऊ ओरडला, "अगं, पुरे करा दोघींनी!" कुणी ऐकलं नाही. बाईंनी चपला घातल्या. "हो पुन्हा नापास. मला तोंड दाखवू नकोस."

ती पास झाली. आईवरचा प्रश्न पुन्हा आला होता, त्याला वीसपैकी चौदा. बाईंनी अभिनंदनाचा शब्द काढला नाही.

पण पुढल्या वर्षी माझी नवी आवृत्ती निघाली. आईबद्दलचा परिच्छेद बदललेला, मधे खाटेचं अवतरण टाकलेलं. भावजयीचं नाव नाही, आभार नाहीत. बाईंनी ते कोरं पुस्तक तिच्यासमोर टाकलं. तिनं मशीन थांबवून वाचलं.

"पुरावा दिलात, वन्सं. पण त्यावरून काय ठरतं ते लिहायचं राहिलंय."



मी जुनी आवृत्ती. मला कुणी विचारत नाही. माझी पानं आता कॉलरची मापं कापायला कामी येतात. कात्री चालते तेव्हा मी ओरडत नाही, तेवढी मला लाज आहे. दया दाखवू नका, मी तुम्हाला कधी दाखवली नाही. फक्त माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती पडला तर त्याच्या ठाम आवाजाला फसू नका. आवाज चढवायला आम्हाला गोष्ट वाचावी लागत नाही.