तांदळाच्या डब्यातला कप

फ्लॉसी सिस्टरच्या हातात माझा कप गेला आणि तो परत मिळवायला मला दोन महिने लागले. एका प्लॅस्टिकच्या कपासाठी एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. ज्यांचा नवरा रोज चार ते सहा शेजारणीसमोर बसून खिदळतो, त्यांनीच मला शिकवायला यावं.

माझे मिस्टर, कृष्णा, तेवीस वर्षं कुवेतला होते. दोन वर्षांतून एकदा पंचेचाळीस दिवसांची सुट्टी. बाकीचे दिवस मी, आयुष आणि राधिका, तिघं एव्हरशाईन सिटीतल्या ह्याच घरात. मुलं लहान असताना एका सुट्टीत त्यांनी बॅकगॅमनचा सेट आणला. कुवेतमध्ये त्याला तावला म्हणतात. पुस्तकासारखी उघडणारी लाकडी पेटी, आत तीस सोंगट्या, चार फासे, आणि फासे हलवून टाकायला दोन प्लॅस्टिकचे कप, एक लाल, एक काळा. "निवांत शिकवतो तुला," म्हणाले. पंचेचाळीस दिवसांत निवांतपणा कुठला? बँक, नातेवाईक, मुलांच्या शाळा, गावची पूजा, की आलीच बॅग भरायची वेळ. पेटी माळ्यावर गेली.

लाल कप तेवढा मी खाली ठेवला. तांदळाचं जुनं माप फुटलं होतं, आणि हा हाताला बरोबर बसायचा. आम्हा तिघांना दोन कप, हे घरी असले की तीन. माझी कितीतरी वर्षं त्या कपाने मोजली गेली. त्याच्या कडेला माझ्या अंगठ्याची जागा झिजून पांढरी पडली होती.

मग हे कायमचे परत आले. मुलं तोवर नोकऱ्यांसाठी पुण्याला गेलेली. मला वाटलं, आता आम्ही दोघंच, आता कुठे आमचा संसार सुरू होईल. आणि त्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावर फ्लॉसी सिस्टर राहायला आली.

मूळची इथल्याच जवळच्या गास गावची. नवरा वारलेला, मुलगी इथे जवळच राहते म्हणून फ्लॅट घेतला. बत्तीस वर्षं नर्स होती. कुठे? कुवेतला. लिफ्टमध्ये ओळख झाली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये माळ्यावरची पेटी उघडली गेली.

"अगं, लाल कप कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"तांदळाच्या डब्यात," मी म्हणाले.

दोघं इतकी हसली की फ्लॉसीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी कप धुतला, पुसला आणि तिच्या हातात दिला. मला म्हणाले, "तू वाटीने घे ना." एवढं सहज! माझ्या हातचं माप काढून तिला दिलं आणि मला वाटी दाखवली. त्या संध्याकाळी भाताची पार खीर झाली. हे निमूट जेवले. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही तसाच केला.

सगळी बिल्डिंग तिला फ्लॉसी सिस्टर म्हणते. हे मात्र नुसतं फ्लॉसी. तीही ह्यांना कृष्णा म्हणते. लग्नाला सदतीस वर्षं झाली, मी अजून 'अहो'वर आहे. सहा-पाच पडलं की दोघं एकदम ओरडतात, "शेश-बेश!" दोन सहा पडले की "दुशेश!" मग कुठल्याशा बेकरीच्या गोष्टी, समुद्राकाठच्या रस्त्याच्या, वाळूच्या वादळाच्या. तिला सगळं ठाऊक. मला कुवेत म्हणजे रविवारचा फोन आणि पत्रातला फोटो. मला जळायला झालं, सरळच सांगते. ह्या वयात तिचं नि ह्यांचं काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पण माझ्या नवऱ्याची तेवीस वर्षं तिला माहीत होती आणि मला नव्हती, हे मला सहन होईना. वर तो प्लॅस्टिकचा खडखडाट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. माझ्याच कपाचा.

एक दिवस चहा ठेवताना मीच गोड आवाजात म्हटलं, "सिस्टर, हे कप अगदीच साधे आहेत ना?"

"कायच्या काय साधे आहेत गो बाय," ती म्हणाली. "चांगला कप चामड्याचा असतो. जाड. आतून मऊ, म्हणजे आवाज होत नाय. आणि तोंडाशी आतल्या बाजूला एक कड असते. फासा तिला अडखळून उलटा होऊन पडतो. कड नसली तर हातचलाखी करणारा हवं ते दान घसरवतो." मग ह्यांच्याकडे वळून हसली. "कृष्णा, सालमियाचा तो मिस्री आठवतो?"

ह्यांना तो कुवेतमधला इजिप्तवाला लगेच आठवला. मला अर्थातच नाही.

पण मला हवं ते कळलं होतं. हिला ह्याहून चांगले कप आणून द्यायचे, इतके चांगले की माझा कप तिने स्वतःहून खाली ठेवला पाहिजे.

स्टेशनजवळच्या खेळांच्या दुकानात गेले. त्याने ल्युडोचा कप दाखवला. त्यात माझी दोन बोटंही जाईनात. आयुषला फोन करून ऑनलाइन मागवले. चामडं लिहिलं होतं, आलं रेक्झिन, आणि पहिल्याच दानाला बूड सुटलं. स्टीलचे पेले घेऊन आत मखमलीचा ब्लाउजपीस चिकटवून पाहिला. फासे त्यात अडकून बसले आणि फ्लॉसी म्हणाली, "राहू दे, हा लालच बरा आहे. हाताला बसतो." हाताला बसतो! मी आत जाऊन कढई आपटली.

शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. स्टेशनच्या पश्चिमेला त्याची टपरी आहे. मी कागदावर चित्र काढलं, कड समजावली. त्याने मान डोलावली. "होईल. आत हिरव्या बनातीचं जाड कापड लावतो, आवाज जाईल. पण असं जाड चामडं आता मिळत नाही ताई. तुमच्याकडे जुनं काही असलं तर आणा."

जुनं होतं ना.

माळ्यावर ह्यांची तपकिरी बॅग होती. पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेली, अस्सल चामड्याची. वर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरांत नाव, खाली बॉम्बे. ती पलंगावर उघडी दिसली की मी समजायचे, दोन दिवस उरले. अकरा वेळा उघडी पाहिली मी ती. मुलं तिच्यात बसून खेळायची आणि मी लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळत असायचे. फ्लॉसीचा राग मला दोन महिन्यांचा होता, त्या बॅगेचा केव्हापासूनचा.

हे बँकेत गेलेले पाहून मी ती खाली काढली आणि रिक्षात घातली.

म्हाताऱ्याने चामड्यावरून हात फिरवला. "चांगली बॅग आहे ताई. नक्की कापू?"

"कापा," मी म्हटलं. कात्री आत शिरली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. अक्षरांचा भाग आत लपवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बाहेरच राहू दे. ह्यांना कळू दे कशाचे आहेत ते.

आठ दिवसांनी कप मिळाले. जाड, ताठ, दुहेरी शिवण, आत हिरवी बनात, तोंडाशी बोटभर कड. एकावर बॉम्बेची अर्धी अक्षरं, दुसऱ्यावर ह्यांच्या नावाची. चार वाजता दोघांनी डाव मांडल्यावर मी ते पटावर ठेवले, लाल कप उचलला आणि पदराआड धरला.

फ्लॉसीने ओरडून पसंती दिली. "आई गं! असले तर आमच्या क्लबमध्ये पण नव्हते!" आणि तिने त्यातला एक उचलला. नेमका ह्यांच्या नावाचा. तो धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. दोन महिने उन्हातून वणवण करून मी माझ्या नवऱ्याचं नाव माझ्या हाताने तिच्या मुठीत दिलं होतं.

ह्यांनी मात्र कप हातात घेतला आणि हसणं थांबवलं. अंगठ्याने पांढरा रंग चाचपला. "ही माझी बॅग आहे."

"होती," मी म्हणाले.

"मला न विचारता कापलीस?"

"माझा कप देताना मला विचारलं होतंत?"

फ्लॉसी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. तिच्यासमोर भांडायचं नव्हतं म्हणून मी आत गेले. डबा उघडला, कप तांदळात खुपसला. दोन महिन्यांनी माझा अंगठा त्याच्या जागेवर बसला आणि मला रडू आलं. हे मागे येऊन उभे राहिले.

"बॅगेवरचा राग एक वेळ समजू शकतो," ते हळू म्हणाले. "पण प्लॅस्टिकच्या कपासाठी?"

मग मीही बोलले. "तुम्ही दोघं हसलात त्याला. ह्या कपाने मी तुमची मुलं वाढवली. आम्हाला दोन, तुम्ही असलात की तीन. पंचेचाळीस दिवसांत हाताला तीनची सवय व्हायची. तुम्ही विमानात बसलात की दुसऱ्या दिवशी माझ्याकडून तीनच कप पडायचे. दर वेळी. एकदाही चुकलं नाही. तो जास्तीचा भात सकाळी फोडणी देऊन मुलांना घालायचे. बाबा गेले की फोडणीचा भात, हे राधिकाला पाठ झालं होतं. तुमच्या त्या फ्लॉसीला कुवेतची बेकरी माहीत असेल. हे तिला माहीत नाही. आणि तुम्हालाही नाही."

बाहेरून फ्लॉसीची हाक आली, "कृष्णा, तुझं दान!"

"थांब जरा," हे म्हणाले. तिला 'थांब' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी पातेल्यात कप ओतायला लागले. आता आम्हा दोघांना दीड पुरतो. दीड झाल्यावर डबा लावायला गेले, तर ह्यांनी माझ्या हातातून कप घेतला, शीग लावून भरला आणि पातेल्यात रिकामा केला. मग आणखी एक.

"अहो, एवढा कोण खाणार?"

"सकाळी फोडणी दे," ते म्हणाले. "दर वेळी केलास, मी एकदाही खाल्ला नाही."

मी तांदूळ धुवायला घेतले. ह्यांना कांदे आहेत का ते बघायला लावलं, आणि ह्यातलं एक शीतही फ्लॉसीला द्यायचं नाही, हे तिथल्या तिथे ठरवून टाकलं.